पहिल्यांदा पायी वारीला निघणाऱ्या बायकांसाठी: अकरा जणींच्या गटाचा अनुभव

पायवाट

कोरोनाची दोन वर्षं सोडली तर २०१७पासून मी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते आहे. पालखीच्या रथामागच्या एका दिंडीत माझं नाव आहे. सुरुवातीला एकटी जायचे, मग ओळखीच्या दोघी-तिघी आल्या आणि २०२५ला अकरा जणींना घेऊन गेले. अकराही जणी पहिलटकरणी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक नुकतीच निवृत्त झालेली परिचारिका, दोघी पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या. १९ जूनला आळंदीहून प्रस्थान झालं आणि ६ जुलैला एकादशी होती. पंढरपूरला नऊ जणी पोचल्या. दोघींना मधून परतावं लागलं.

परत आल्यापासून खूप जणी विचारताहेत, पुढच्या वर्षी आम्हाला नेशील का. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

आधी चौथ्या दिवशीची गोष्ट सांगते, कारण गट नेणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याहून सासवडला जायचा दिवस हा सगळ्या वाटेतला सर्वांत लांबचा, तीसेक किलोमीटरचा. त्यात दिवेघाट. एका दिवसापुरते चालायला येणारे हजारो लोक त्या दिवशी असतात, त्यामुळे गर्दी बेसुमार. मी सगळ्यांच्या पुढे होते. हातात भगवा रुमाल बांधलेली काठी, आणि मनात हे की मी पुढे दिसले की सगळ्या माझ्या मागोमाग येतील. वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर घाट चढायला लागलो. वर पोचून मोजल्या तर दहाच. अकरावी नाही. फोन लागेना, त्या दिवशी घाटात कुणाचाच लागत नाही. मी तासभर घाटाच्या तोंडाशी उभी राहिले. माणसांचा लोंढा अंगावर येत होता आणि त्यात मी एक हिरवी साडी शोधत होते.

सापडली ती रात्री, सासवडच्या तळावर. ज्यांनी समाजआरती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदारांनी, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणाऱ्यांनी, दंड उंचावला की सगळे टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजत राहतात, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचं माणूस. त्या रात्री पुकारलं गेलं, 'हिरव्या साडीतली बाई आहे, दिंडीचा नंबर माहीत नाही.'

परभणीकडच्या एका दिंडीतल्या म्हातारीनं तिला सांभाळून आणलं होतं. घाटात ती रडत कडेला बसलेली या आजींना दिसली. आजींनी तिला पाणी पाजलं, आपल्या गाठोड्यातली दशमी खायला घातली, तिचं मनगट धरलं आणि सासवडपर्यंत सोडलं नाही. मी धावत गेले. आजींच्या पायाच पडले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, 'तू म्होरकी हायीस का यांची? मग मागं चालत जा.'

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाईच्या मागे चालले. पुढचं पुढे पताका बघतात, वीणा बघतो. वाट चुकायची भीती पुढे नसतेच, कुणीतरी मागे सुटण्याची असते. गट नेणाऱ्या बाईची जागा सगळ्यांत मागे, हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता व्यवस्थेचं. आम्ही वेगळा तंबू, वेगळा स्वयंपाक असलं काही केलं नाही. दिंडीत नाव नोंदवलं आणि सगळ्यांसारखी भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, राहुटीत पाठ टेकायला जागा आणि ट्रकमध्ये सामानाला जागा मिळते. पहाटे वळकटी आणि पिशवी ट्रकमध्ये टाकायची, ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबतो. अंगावर फक्त झोळी: पाणी, सुकं खाणं, प्लास्टिकचा कागद, औषधं, एक पातळ टॉवेल. बाकी प्रश्न विचाराल तशी उत्तरं देते.

ओसरी

पायवाट, वाचताना अंगावर काटा आला. मी बावन्न वर्षांची. माझी आई वारी करायची, मला नेहमी म्हणायची चल, आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले. आई आता नाही. मला जायचं आहे, पण उजवा गुडघा कुरकुरतो. पूर्ण अठरा दिवस झेपणार नाहीत असं वाटतं. अर्धीच वारी केली तर चालते का? आणि दुसरं, विचारायला संकोच वाटतो, पण बायकांच्या आन्हिकाचं काय?

पायवाट

ओसरीताई, अर्धी वारी असं काही नसतं. जितकं चालाल तितकी तुमची वारी. पूर्ण करणारेही टप्प्यानं करणाऱ्यांना कमी लेखत नाहीत, निदान आमच्या दिंडीत तरी मी कधी ऐकलं नाही.

गुडघा असेल तर पुणे-सासवड हा दिवस सरळ वगळा. त्या दिवशी काय दमणूक होते ते वर लिहिलंच आहे. माझ्या मते तुम्ही नातेपुत्यापासून यावं. तिथून पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. वाट बरीचशी सपाट आहे आणि वारीतलं पाहण्यासारखं खूप काही याच भागात येतं. सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याचं पहिलं गोल रिंगण, मग खुडूस फाट्याचं, मग ठाकूरबुवांच्या समाधीपाशी. रिंगणात, म्हणजे मैदानात वारकऱ्यांनी धरलेल्या गोलात, आधी पताकावाले पळतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका, मग विणेकरी, आणि नंतर अश्व. सत्तरीच्या बायका डोक्यावरची तुळस एका हातानं धरून पळताना मी पाहिल्या आहेत. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळी वारी तो उतार धावत उतरते. तुम्ही चालत उतरा. गुडघ्याला उतारच जास्त छळतो.

आन्हिकाचं. संकोच कसला, प्रत्येकीचा पहिला प्रश्न हाच असतो. 'निर्मल वारी'मुळे आता तळांवर फिरती शौचालयं असतात, राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्य वारी'तून बायकांसाठी सोयी होतात. पूर्वीपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी पहाटे रांग लागतेच. आमच्या दिंडीतल्या जुन्या बायका तीनला उठतात. टँकरच्या नळाखाली अंधारातच, साडी गुंडाळून अंघोळ उरकायची, उजाडायच्या आत कपडे बदलून तयार. पहिल्या दिवशी अकराही जणी माझ्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एक दुसऱ्या दिंडीतल्या मुलीला आडोसा धरून उभी होती.

टाळझांज

मी पंचवीस वर्षं वारी करतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

हल्ली वारीचे गट निघतात, सहलीसारख्या जाहिराती येतात, आणि मला ते खुपतं. वारीला वाटाड्या लागत नाही. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, शिस्त ठरलेली. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला जे रूप दिलं त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. या पंगतीत आपण बसायचं असतं, आपली पंगत वेगळी मांडायची नसते. 'फक्त बायकांचा गट' म्हटलं की वेगळेपणा आलाच. बायका वारीत कधी नव्हत्या? मुक्ताबाई, जनाबाई कुणाबरोबर गट काढून गेल्या होत्या? आजही दिंडीत निम्म्याहून अधिक बायका दिसतात, आणि त्यातल्या कितीतरी एकट्या आलेल्या असतात.

पायवाट

काका, राग कसला? तुमचं मला बरंचसं पटतं, म्हणून तर वेगळा तंबू केला नाही.

पण एक गोष्ट सांगते. गावाकडची बाई एकटी येते तेव्हा ती खरं तर एकटी नसते. तिची सासू त्याच दिंडीत येऊन गेलेली असते, शेजारीण आलेली असते, विणेकरी तिच्या गावचे असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, जिच्या घरात दोन पिढ्यांत कुणी वारीला गेलं नाही, तिनं कुणाचा पदर धरायचा? भिशी म्हणजे काय तेही तिला माहीत नसतं. ती दिंडीच्या दाराशी येऊन परत जाते. अशा बाईला आत नेऊन सोडणारं कुणी हवं, एवढंच माझं म्हणणं. आठ दिवसांनी ती माझ्याशेजारी न झोपता लातूरच्या मावशींच्या शेजारी वळकटी पसरते, त्या दिवशी माझं काम झालं असं मी धरते.

गुलबक्षी

मी अशाच एका 'मार्गदर्शित' गटाबरोबर गेले होते, पायवाटताईंच्या नव्हे. नाव घेत नाही. दिवसा चालायचं आणि संध्याकाळी बसनं हॉटेलात. सोय उत्तम होती, खोटं कशाला बोलू? पण समाजआरती एकदाही बघितली नाही, कारण त्या वेळी आम्ही बसमध्ये. हरिपाठ नाही, कीर्तन नाही. लोणंदच्या आधी एका बाईंना ऊन लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि आमच्याबरोबरच्या माणसाकडे साधं जलसंजीवनीचं पाकीट नव्हतं. शेजारून जाणाऱ्या दिंडीतल्या बायकांनी त्यांना झाडाखाली नेलं, पदर ओला करून कपाळावर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी दिलं. मग कुणीतरी वैद्यकीय पथकाला बोलावून आणलं.

घरी आल्यावर मला सारखं वाटत राहिलं की मी वारीच्या कडेकडेनं चालून आले. पुढच्या वर्षी एकटीच दिंडीत गेले आणि सासवडहून परत आले. तळपाय सोलून निघाले होते. घरी कुणी हसलं नाही, पण मीच चार दिवस कुणाशी बोलले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सासवडहूनच सुरुवात केली, जिथे थांबले होते तिथून. त्या वर्षी पोचले.

कडुनिंब

मी डॉक्टर आहे, पालखी मार्गावरच्या वैद्यकीय पथकात तीन वर्षं सेवा केली आहे. बायकांच्या तक्रारींचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो, म्हणून लिहिते.

पाणी. बायका लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. सकाळी सहाला अर्धा पेला, मग थेट दुपारी. संध्याकाळी माझ्याकडे येतात त्या डोकं दुखतंय, चक्कर येतेय, लघवीला जळजळतंय म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या बायका वाढत जातात. पायवाट, तुमच्या गटात एकच नियम करायचा झाला तर हा करा: जिथे शौचालय दिसेल तिथे जाऊन यायचं, लागली असो वा नसो, आणि प्रत्येक विसाव्याला पाणी. थोडं थोडं, पण सतत.

पाय. नवी पादत्राणं घेऊन वारीला येऊ नका. निदान दीड-दोन महिने वापरून मऊ झालेलीच घाला. पावसात भिजलेले मोजे तसेच ठेवून चालू नका. फोड आला की जुन्या वारकरी बायका सुईनं त्यातून दोरा ओवून ठेवतात, पाणी झिरपत राहतं म्हणून. मला त्यांच्या मायेबद्दल आदर आहे, पण दोरा आत ठेवू नका. त्या दोऱ्यावाटेच जंतू आत शिरतात, आणि वाटेत चिखल-शेण सगळंच असतं. छोटा फोड फोडूच नका. मोठा, ताणलेला असेल तर जागा स्वच्छ करून निर्जंतुक सुईनं कडेला टोचा, पाणी जाऊ द्या, वरची कातडी काढू नका आणि पट्टी लावा. मधुमेह असलेल्यांनी स्वतः काहीच करू नये, पथकाकडे यावं. अनवाणी चालण्याचा नवस असेल तरी मधुमेही बाईनं तो करू नये, पायाची संवेदना कमी झालेली असते आणि जखम कळतसुद्धा नाही.

मांड्या घासून सोलवटतात, हे कुणी मोकळेपणी सांगत नाही. साडीच्या आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सुती चड्डी आणि निघण्यापूर्वी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. एवढ्यानं निम्मा त्रास वाचतो.

पाळी. ती पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीनं दिल्या म्हणून घेऊ नका. नॉरएथिस्टेरॉनची गोळी प्रत्येकीला चालत नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास झालेल्यांना तर मुळीच नाही. आधी तपासून घ्या. आणि खरं सांगू, ढकलण्याची गरज आहे का याचाही विचार करा.

ओसरी

कडुनिंब, शेवटचं वाक्य वाचून थांबले. माझी पाळी आता गेली, पण मुलगी म्हणते तीही येईल, आणि तिची तारीख त्याच दिवसांत. कुणी काही बोललं तर?

पायवाट

आमच्यात हे घडलं, म्हणून सांगते. तरडगावच्या मुक्कामात गटातल्या एकीची पाळी आली. त्याच दिवशी वाटेत तिनं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण (रस्त्यावरच दोन रांगांमधून अश्व धावतात ते) बघितलं होतं आणि तिला तुळस डोक्यावर घेऊन चालायचं होतं. दिंडीतल्या एक बाई म्हणाल्या, आता पाच दिवस तुळशीला शिवू नकोस, मागे चाल. पोरगी एकदम गप्प झाली. मला काही सुचेना. मी दिंडीत परकी नाही, पण त्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या.

तेवढ्यात भाकरी थापणाऱ्या एक आजी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, 'सोयरा काय म्हणाली गं विटाळाला? वारीला येतीस आन् येवढं ठावं न्हाई?' एवढंच. पुढे वाद नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळस कुणाच्या डोक्यावर होती? त्याच पोरीच्या. तुळशीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ करून दिली त्याच बाईंनी, ज्या नको म्हणाल्या होत्या.

संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी अभंगात विचारलं आहे की विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळा कोण? भाकरी थापता थापता ते मुखोद्गत असणारी बाई त्या राहुटीत होती. सगळ्याच राहुट्यांत असेल असं मी म्हणत नाही. कुठे वेगळी वागणूक मिळेलही. मुलीला तशी कल्पना देऊन आणा, आणि माझ्याजवळ किंवा तुमच्याजवळ ठेवा. मागे चालावं लागलंच तर मी मागेच असते.

निराकाठ

आमचं गाव वाटेवर. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तो दिवस आमच्या घरी दिवाळीपेक्षा मोठा. आदल्या रात्रीपासून आम्ही सासू-सुना, शेजारणी मिळून भाकऱ्या थापतो. पीठ मळून मळून मनगटं भरून येतात. पिठलं-भाकरी, ठेचा, आणि ताकाचा मोठा हंडा.

शहरातून येणाऱ्या बायकांना माझं सांगणं एवढंच. तुम्हाला काही लागलं तर घराचं दार वाजवा. आमच्या आळीत त्या दिवशी न्हाणीघर वारकरी बायकांसाठी उघडंच असतं. गरम पाणी लागलं, पॅड बदलायचं असलं, ओलं लुगडं पिळायचं असलं, या. कुणी नाही म्हणणार नाही. पण शहरातल्या बायका लाजतात, दारावरून पुढे जातात, आणि मग तासाभरानं कुठेतरी उसाच्या फडात शिरतात. तिथे सापकिरडू असतं.

दुसरं. पत्रावळी आणि पाण्याचे पेले वाटेत टाकू नका. पालखी पुढे गेली की आम्ही तीन-तीन दिवस शेतातनं ते वेचत असतो. झोळीत स्वतःचा स्टीलचा पेला आणि ताटली ठेवली की प्रश्नच मिटला.

टाळझांज

निराताई, तुमच्या आळीतलं ताक मी प्यालो असणार. दंडवत.

पायवाटताई, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. माझी आई मला बोटाला धरून दिंडीत घेऊन गेली, म्हणून मला वाटाड्या लागला नाही. ज्यांना असं बोट मिळालं नाही त्यांचा विचार मी केला नव्हता. एक मात्र पाळा. गट कितीही मोठा होऊ द्या, एका दिंडीत आठ-दहांपेक्षा जास्त नव्या बायका आणू नका. त्याहून जास्त झाल्या की त्या आपापसातच बोलत राहतात, दिंडीत मिसळत नाहीत. आणि हरिपाठ पाठ करून या म्हणावं. अर्थ नाही कळला तरी चालेल, पण ओठ हलले पाहिजेत. सगळी दिंडी म्हणते आहे आणि आपण मुके, यासारखं एकटेपण नाही.

पायवाट

आठ-दहाचं मान्य. यंदा दहाच घेईन, आणि बाकीच्यांना ओळखीच्या दुसऱ्या दोन दिंड्यांत जोडून देईन. हरिपाठाचं तर फारच बरोबर. गेल्या वर्षी आम्ही तो निघण्याआधी दीड महिना रोज रात्री फोनवर एकत्र म्हणत होतो.

राहिलेलं सुटंसुटं लिहिते. सोनं घरी ठेवा. गर्दीत मंगळसूत्र ओढून नेण्याचे प्रकार होतात, आमच्या बायका काळ्या मण्यांची साधी पोत घालून येतात. पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका, थोडे झोळीत, थोडे पोलक्याच्या आतल्या खिशात. पिशवीला ओळखीच्या कापडाची चिंधी बांधा, कारण ट्रकमधून रात्री पिशव्या उतरवताना सगळ्या सारख्याच दिसतात. साडी रात्री वाळत नाही. त्यावर दिंडीतल्या बायकांचा उपाय बघण्यासारखा आहे: ओल्या साडीचं एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि दोघींनी वाऱ्यावर साडी धरून चालत राहायचं. दोन-अडीच किलोमीटरांत कडकडीत वाळते. गप्पाही होतात.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. दिंडीचा नंबर, रथापुढे की रथामागे, आणि दिंडीप्रमुखांचा फोन हे कागदावर लिहून झोळीत, आणि पाठही. फोन बंद पडतो, कागद भिजतो. पाठ असलेलं राहतं. हिरव्या साडीवाल्या मैत्रिणीला त्या रात्री एवढंच आठवत होतं की आमच्या ट्रकवर पिवळी ताडपत्री आहे, आणि तळावर निम्म्या ट्रकांवर पिवळीच ताडपत्री असते.

यंदा, म्हणजे २०२६ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ वीस दिवस उशिरा. ऊन कमी आणि पाऊस जास्त धरून चाला. चपलेऐवजी मागून पट्टा असलेल्या सँडल घ्या, चिखलात चप्पल रुतून बसते.

गुलबक्षी

पायवाट, दर्शनाचं काय करता? मला वाखरीला पोचल्यावर इतकं दमायला झालं होतं की दर्शनबारीत उभं राहायचं त्राण नव्हतं.

पायवाट

आम्ही एकादशीला पददर्शनाच्या रांगेत उभे राहत नाही. ती रांग फार फार लांब असते, आणि अठरा दिवस चाललेल्या पायांना ते झेपत नाही. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीला डोकं टेकवणं, आणि कळसाचं दर्शन. बहुतेक जुने वारकरी हेच करतात. गेल्या वर्षी नऊ जणींपैकी पाच जणी पौर्णिमेपर्यंत थांबल्या आणि गोपाळपूरच्या काल्याला गेल्या. तिथे जनाबाईचं जातं दाखवतात. त्यातली एक, ती बँकेतली, त्या जात्याचा खुंटा धरून कितीतरी वेळ बसून होती. मी हाक मारली नाही.

ओसरी

माझी शेवटची पोस्ट लिहून सात आठवडे झाले, म्हणून कळवते. रोज पहाटे चालते आहे. दोन किलोमीटरपासून सुरुवात केली, आता आठ होतात, आणि गुडघ्याच्या मांडीकडच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनी शिकवले तेही चालू आहेत. उतार मी हळू उतरते. मुलीनं रजा टाकली. आम्ही दोघी नातेपुत्याला येऊन मिळू. दिंडीचा नंबर आम्हा दोघींना पाठ आहे, रोज जेवताना एकमेकींना विचारतो.

आईची तुळस आहे घरात, कुंडीतली. तिच्या बिया धरून एक रोप पितळेच्या छोट्या वृंदावनात लावलं आहे. ते डोक्यावर घ्यायचं म्हणते. पण चुंबळ मला जमत नाही. टॉवेल गुंडाळला तर घसरते. कशाची करायची?

पायवाट

जुन्या नऊवारीच्या पदराची करा, सुती, खूप वेळा धुतलेली. टॉवेल घसरतोच. घरात नऊवारी नसेल तर राहू द्या. माझ्या सासूबाईंची एक आहे, ती फाडून दोघींसाठी दोन करून आणते. वृंदावनाच्या बुडाचं माप मात्र आधी कळवा.

ओसरी

नऊवारी आहे. आईचीच. बुड साडेपाच इंच.